चोपन्न नंबर सगळीकडे सारखा नसतो गं!

अगं, रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी चहा ठेवता ठेवता वाचला. सायकलच्या दोन फ्रेमचे फोटो, त्यांखाली आकड्यांचे दोन लांबलचक तक्ते, नवऱ्याच्या जुन्या सायकलची कहाणी आणि शेवटी हे वाक्य, ‘ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही आणि त्याच्या वाढदिवसाला सतराच दिवस उरलेत.’ वाचून होईपर्यंत चहा उतू गेला. असो, शेगडी काय, रोजच पुसायची असते.

आधी दोन घोट पाणी पी बघू. घराच्या कर्जाचे चाळीस पानी कागद वाचून त्यातली चूक बँकेला दाखवणारी तू, सायकलच्या तक्त्याला कसली घाबरतेस? त्यात वीस आकडे असतील, पण तुझ्या कामाचे दोन-तीनच. बाकीचे कारागिरासाठी असतात. ते दोन-तीन मी तुला समजावते. पण आधी माझी फजिती ऐक, म्हणजे तुझ्या हातून तीच व्हायची नाही.

आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला मी नवऱ्याला न सांगता फ्रेम आणली होती. लालचुटूक! मला वाटलं, त्याची उंची मला माहीत, शर्टाचा नंबर माहीत, अजून काय लागतं? दुकानात ५६ नंबरची होती, त्याला खरी लागायची ५२. विकणारा म्हणाला, ‘स्टेम बदलला की बसेल, वहिनी.’ स्टेम म्हणजे हँडल धरून ठेवणारा पुढचा छोटा दांडा. मी तिथल्या तिथे पैसे मोजले. खरं सांगू का, माझं लक्ष मापाकडे नव्हतंच. तो लाल रंग माझ्या स्कूटरला अगदी मॅचिंग होता. नवरा बिचारा पाच महिने त्या सायकलवर ताणून बसला. हात लांब, मान वर, खांदे कानाशी. रोज रात्री त्याच्या मानेला बाम चोळायची मी, आणि वर ऐकवायचीही मीच, ‘ऑफिसात वाकून बसतोस ना, त्याचं हे.’ शेवटी फिजिओथेरपिस्टने विचारलं, सायकल कुणी निवडली? हा गप्प, आणि मी सायकलसारखी लाल. पुढे ती फ्रेम अर्ध्या किमतीत एका सहा फुटी कॉलेजकुमाराने नेली. त्याला मात्र काय शोभली!

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. हौस रंगात करावी, मापात करू नये.

आता तुझ्या दोन फ्रेम. पहिली काळी, कार्बनची, रेसची. दुसरी शेवाळी हिरवी, ॲल्युमिनियमची, पुढचा फोर्क तेवढा कार्बनचा, आणि प्रकार एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची. दोन्हींवर ५४ लिहिलंय, म्हणून तुला वाटलं, मापाचा प्रश्न मिटला. इथेच तर मेख आहे. आपल्या बाबांच्या वेळी बावीस इंची नाहीतर चोवीस इंची म्हटलं की काम भागायचं. आता तसं नाही राहिलं. एका दुकानातला मीडियम कुर्ता तुला सैल होतो आणि दुसऱ्यातला दंडात अडकतो ना, तसंच हे. ५४ हा नुसता नंबर. खरं माप दोन शब्दांत असतं, स्टॅक आणि रीच.

बघ, सोपं आहे. पायडलचे दोन्ही दांडे फ्रेमला जिथे जोडलेले असतात, तो बॉटम ब्रॅकेट. त्याच्या मध्यापासून वर, हँडल ज्या नळीत बसतं तिच्या तोंडाच्या पातळीपर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. आणि त्याच मध्यापासून पुढे, त्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅक जास्त असला की माणूस ताठ बसतो. रीच जास्त असला की पुढे ताणला जातो. तुझ्या काळीचा स्टॅक ५४० मिलिमीटर, रीच ३८८. हिरवीचा स्टॅक ५७०, रीच ३७७. म्हणजे नंबर तोच, पण हिरवीचं हँडल तीन सेंटिमीटर वर आणि एक सेंटिमीटर जवळ. तीन सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं म्हणू नकोस हं. स्वयंपाकाचा ओटा तीन सेंटिमीटर खाली घेऊन महिनाभर पोळ्या लाटल्यास ना, तर तुझी कंबरच तुला उत्तर देईल.

मग तुझ्या नवऱ्याला कुठलं बसेल हे कसं ठरवायचं? तू शिंप्याकडे जाताना काय नेतेस? मापाचा ब्लाउज. त्याची जुनी सायकल हाच तुझा मापाचा ब्लाउज. तू लिहिलंयस की बॉटम ब्रॅकेटपाशी फ्रेमला चीर गेलीय आणि नख फिरवलं की अडकतं. हेही लिहिलंयस की आठ वर्षांत पाठीची तक्रार नव्हती, फक्त शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले की मान अवघडते आणि तळहाताला मुंग्या येतात. म्हणजे बघ, माप जवळपास बरोबर, हँडल तेवढं थोडं वर हवंय. ती फ्रेम भंगारवाल्याला दिली नाहीस ना? देऊ नकोस. आणि कुणी ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणालं तरी ऐकू नकोस. या फ्रेमचं ॲल्युमिनियम उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेलं असतं. वरून नुसता डाग दिला की त्या जागचा तो कडकपणा जातो. मग ती दिवे घाटाच्या उतारावर तुटली तर काय करशील?

आता मोजायचं कसं ते सांगते. सायकल भिंतीकडे तोंड करून सरळ उभी कर, पुढचं चाक भिंतीला टेकव, आणि कुणाला तरी धरायला लाव. मी सासूबाईंना धरायला लावलं होतं. त्या म्हणाल्या, ‘दसरा तर अजून लांब आहे, आत्ताच पूजा?’ हसू दे कुणाला हसायचं ते, तू चार मापं घे. जमिनीपासून बॉटम ब्रॅकेटचा मध्य आणि जमिनीपासून हँडलच्या नळीचं तोंड. दुसऱ्यातून पहिलं वजा केलंस की स्टॅक मिळाला. मग भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटचा मध्य आणि भिंतीपासून नळीच्या तोंडाचा मध्य. इथे पहिल्यातून दुसरं वजा केलंस की रीच. संपलं! त्याच कागदावर स्टेमची लांबी लिही, आणि स्टेमखाली बांगड्यांसारख्या किती चकत्या रचल्यात तेही मोज. त्यांना स्पेसर म्हणतात. तिथे दोन-तीन सेंटिमीटरची चवड दिसली ना, तर समज, त्याच्या शरीराने उंच हँडल कधीच मागून घेतलंय, फक्त त्याने तोंडाने सांगितलेलं नाही.

एक माप मात्र त्याच्याशिवाय घेता येत नाही. त्याला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करायचं, पायांत थोडं अंतर ठेवायचं आणि जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांच्या मधून वर, सीटवर बसल्यासारखं घट्ट टेकेपर्यंत न्यायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुण, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजे निघते. ८० सेंटिमीटर भरलं तर साधारण साडेसत्तर. मी पाककृतींचं पुस्तक वापरलं होतं. त्यानंतर त्या पुस्तकातली पुरणपोळी करताना मला उगीचच हसू येतं.

तू म्हणशील, ताई, मग सरप्राइज कसलं राहिलं? नाहीच राहायचं. अगं, सरप्राइज म्हणून परफ्यूम दे, घड्याळ दे. जिच्यावर माणूस दिवसभर बसणार, ती वस्तू त्याला विचारून घ्यावी. फक्त ‘तुला कुठली आवडते?’ असं विचारू नकोस, तो काळीच म्हणणार. ‘पुढची दोन वर्षं कुठे चालवायची आहे?’ असं विचार.

आणि काळी तो का म्हणेल, तेही मला ठाऊक आहे. जानेवारी २०२६ मध्ये, १९ ते २३ तारखेला, पुणे ग्रँड टूर झाली ना, तेव्हापासून आमच्याकडेही तोच ताप आहे. चार टप्पे, ४३७ किलोमीटर, परदेशी सायकलपटूंचा थवा सूंऽ करून डोळ्यांसमोरून गेला, आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रत्येक नवऱ्याला वाटलं, आपणही जरा खाली वाकलो की असेच उडू. अगं, ती मुलं सायकल चालवण्याची नोकरी करतात. तुझा नवरा नऊ तास हिंजवडीत खुर्चीवर बसतो आणि बुटाची नाडी बांधताना ‘आई गं’ म्हणतो, हे तूच मला सांगितलंस. शिवाय स्पर्धेसाठी रस्ते गुळगुळीत केले ते स्पर्धेच्या मार्गावरचे. तुमच्या सोसायटीच्या गेटबाहेरचा खड्डा अजून तिथेच आहे, गेल्या महिन्यात माझी स्कूटर त्यात आपटली.

‘एन्ड्युरन्स म्हणजे म्हाताऱ्यांची सायकल’ असं त्याच्या ग्रुपमधलं कुणीतरी नक्की म्हणेल. तेव्हा त्याला हे सांग. फ्रान्समध्ये १८९६ पासून पॅरिस–रूबे नावाची एक शर्यत होते. तिच्या वाटेवर दगडी फरसबंदीचे असे पट्टे असतात की आपले पावसाळ्यानंतरचे रस्ते बरे वाटावेत. २०१३ साली ही शर्यत फॅबियन कँचेलारा नावाच्या स्विस सायकलपटूने जिंकली, ती ट्रेक कंपनीच्या डोमाने या एन्ड्युरन्स फ्रेमवर. स्पेशलाइज्ड कंपनीने तर आपल्या अशा फ्रेमचं नावच रूबे ठेवलंय. खडबडीत रस्त्यावर दिवसभर टिकायचं तर अशीच फ्रेम लागते, वय कितीही असो.

दुसरा मुद्दा तो काढेल वजनाचा. ठीक आहे, काळी फ्रेम एक किलोच्या आसपास, हिरवी दीड. अर्ध्या किलोचा फरक. पण घाट नुसती फ्रेम चढत नाही ना? माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या धरून ऐंशी किलो ऐवज चढतो. सिंहगडाच्या चढाला त्याला तास लागत असेल, तर अर्धा किलो कमी केल्याने वीस-पंचवीस सेकंद वाचतील. आणि वर गेल्यावर हे लोक पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही किती हाणतात, ते मी स्वतः पाहिलंय!

त्याला बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करायच्या आहेत म्हणालीस. मग तर प्रश्नच मिटला. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस, अशी त्यांची मुदत असते. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस हे या लोकांचं पंढरपूर, बाराशे किलोमीटरचं, चार वर्षांतून एकदा, पुढचं २०२७ मध्ये. इतका वेळ सायकलवर काढायचा तर मान ताठ ठेवता आली पाहिजे, बाकी सगळं नंतर. आणि टायरचंही बघ. काळीत जास्तीत जास्त २८ मिलिमीटरचा टायर मावतो, हिरवीत ३५ चा. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, त्यामुळे गचके कमी बसतात. मऊपणा फ्रेमपेक्षा टायरमधून जास्त येतो, हे मला दोन फ्रेम विकत घेऊन कळलं, तुला फुकट सांगतेय. वर हिरवीला मडगार्ड लावायला स्क्रूची भोकं आहेत. पावसाळ्यात पाठीवर चिखलाची उभी रेघ घेऊन येणाऱ्याचे कपडे कोण धुतं, ते मी बोलत नाही.

कार्बन वाईट असतो असं माझं म्हणणं नाही हं. कार्बन म्हणजे आपली लोणच्याची चिनीमातीची बरणी. जागच्या जागी, नीट वापरली तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण एकदा कडेला ठोका बसला की केसासारखी चीर जाते आणि ती वरून दिसेलच असं नाही. आजी बरणी टिचकी मारून वाजवून घ्यायची, आठवतं? कार्बन फ्रेमवाले नाणं घेऊन तस्संच टकटक करत आवाज ऐकतात. सीटचा क्लॅम्प आवळायलाही जोर मोजणारा पाना लागतो, हाताच्या अंदाजाने पिळून चालत नाही. तुमची लिफ्ट चिंचोळी, सायकल उभी करून न्यावी लागते, आणि गॅलरीत तिच्यावर तुझी वाळवणाची काठी पडते. हिरवीला पोचा येईल, आणि तो दिसेल तरी.

आता पैशाचं, कारण खरी गोची इथेच होते. तू म्हणतेस, फ्रेमच घ्यायची, बाकी सामान जुन्या सायकलचं लावू. बघ, आपण भाड्याच्या घरातून नव्या घरात गेलो तेव्हा जुने पडदे नव्या खिडक्यांना बसले होते का? त्याच्या जुन्या सायकलला रिम ब्रेक आहेत आणि मागच्या चाकाची जागा १३० मिलिमीटर. या दोन्ही नव्या फ्रेम डिस्क ब्रेकच्या, मागे १४२ मिलिमीटर. म्हणजे चाकं नवी आणि ब्रेक नवे, दोन्हीकडे. गिअरचं सामान, क्रँक, लिव्हर, हँडल मात्र कामाला येतं. त्या जुन्या लिव्हरवर चालणारे केबलचे डिस्क ब्रेक मिळतात, पण रोड सायकलचेच माग. एमटीबीच्या, म्हणजे डोंगरी सायकलच्या ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते, ते या लिव्हरवर नीट लागत नाहीत.

जोडणीतही हिरवी सोशिक आहे. तिच्या केबल सरळ बाहेरून जातात. काळीच्या हँडलच्या नळीतून आत घुसतात, उद्या तिथली बेअरिंग बदलायची तर सगळा पसारा उसवावा लागेल. काळीचा बॉटम ब्रॅकेट दाबून बसवायचा, हिरवीचा आट्यांचा, बीएसए पद्धतीचा. ते बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका करता करता सायकली करायला लागलेली इंग्लंडची कंपनी. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे ना, तिथे दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकल आहे. एखाद्या रविवारी दोघं बघून या. त्या घराण्याच्या आट्या आजही चालतात, म्हणून पाने-हत्यारं कुठल्याही जाणत्या कारागिराकडे असतात. रात्री दहाला काही कुरकुरायला लागलं, तर सकाळी नीट होतं.

दुकानात जाशील तेव्हा पाच गोष्टी कागदावर लिहून घे. फ्रेमबरोबर फोर्क, हेडसेट, दोन्ही थ्रू ॲक्सल, सीटपोस्टचा क्लॅम्प आणि डिरेलर हँगर येतं का? हँगर म्हणजे मागचा गिअर जिथे टांगतात तो छोटा तुकडा. सायकल पडली की फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणूनच तो मऊ असतो, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा. आत्ताच एक जास्तीचा घेऊन डब्यात टाक. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिलावर तेवढाच लावलाय ना, ते बघ. आणि बिल त्याच्या नावाने कर. फ्रेमची वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकालाच मिळते. माझ्या लाल फ्रेमचं बिल माझ्या नावावर होतं, म्हणजे कागदोपत्री ती सायकल माझी होती, आणि मला तर धड गिअर टाकता येत नव्हते.

तर माझा निकाल ऐक. हिरवी घे. वाचलेल्या पैशांत चांगली चाकं घे, ३२ चे टायर टाक, आणि उरले तर एखाद्या जाणकाराकडून त्याची बसण्याची ठेवण लावून घे. एकच अपवाद. जुन्या सायकलची मापं काळीच्या जवळ आली, स्टेमखाली एकही चकती निघाली नाही, गुडघे न वाकवता तो पायाचे अंगठे धरू शकला आणि खरंच शर्यतीत उतरणार असला, तर मात्र काळी घे आणि मनात किंतु ठेवू नकोस.

आणि तुझी हौस? ती हँडलच्या टेपमध्ये कर. हवा तो रंग घे, गुंडाळायला अर्धा तास लागतो, नाही आवडला तर उलगडून टाकता येतो. फ्रेमचं तसं नसतं गं.

आज संध्याकाळी टेप आणि जाड पुस्तक काढ, मापं कागदावर लिही आणि मला फोटो पाठव. काही अडलं तर रविवारी सकाळी फोन कर. मी घरी एकटीच असते. आमचा नवरा तेव्हा बोपदेव घाटात असतो, ५२ नंबरवर.